वेदन आणि संवेदन: वास येतो कुठे, ठरतो कुठे
मानसशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत वेदन आणि संवेदन हे शब्द लागोपाठ येतात आणि परीक्षा झाली की बहुतेकांच्या डोक्यात एकमेकांत मिसळून जातात. ज्ञानेंद्रियावर उद्दीपक (प्रकाश, आवाज, गंध यांसारखी जाणीव जागवणारी गोष्ट) पडून त्याची नोंद मेंदूपर्यंत पोचते, ते वेदन. त्या नोंदीला अर्थ लागून ‘हे अमुक आहे’ असे कळते, ते संवेदन. व्याख्या सोप्या आहेत. गोंधळ व्यवहारात होतो, कारण दोन्हींबाबत माणूस एकच वाक्य बोलतो: ‘मला तो वास सहन होत नाही.’

तव्यावर सुकट भाजली जात आहे असे समजा. कोकणातल्या घरात त्या वासाने भूक चाळवते आणि भात झाला का, अशी विचारणा सुरू होते. त्याच मजल्यावरच्या, मासे न खाणाऱ्या घरात मात्र खिडक्या लावून घेतल्या जातात. हवेतून येणारे रेणू दोघांसाठी तेच असतात, परंतु एकाच्या लेखी तो आजोळचा वास असतो, तर दुसऱ्याच्या लेखी ‘आपल्यात’ न चालणाऱ्या गोष्टीचा. हा भेद मुख्यतः संवेदनाचा आहे. भाषाही इथे तटस्थ राहत नाही. ‘वास येतो’ म्हणणारा नुसती नोंद करतो, ‘वास मारतो’ म्हणणाऱ्याने निकाल देऊन टाकलेला असतो. नुसत्या नावानेही हा निकाल फिरतो: २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्डमधील एका प्रयोगात तोच गंध ‘चेडर चीज’ हे शब्द दाखवून दिला असता ‘शरीराचा वास’ या शब्दांबरोबर दिल्यापेक्षा अधिक सुखद वाटला.

कोथिंबिरीची गोष्ट वेगळी. काहींना ती साबणासारखी लागते, आणि घरचे त्याला नखरा समजतात. तिच्या वासातील अल्डिहाइडे नावाची संयुगे टिपणाऱ्या एका गंधग्राहीच्या (नाकातील गंध ओळखणाऱ्या प्रथिनाच्या) जनुकाजवळील फरकाशी या अनुभवाचा संबंध आढळला आहे. म्हणजे इथे वेदनातच तफावत असू शकते. जनुकाचा हा वाटा लहान आहे आणि सवयीचा परिणामही होतोच, त्यामुळे सगळा दोष नाकावर टाकणेही घाईचे ठरेल. तरीही अशा माणसाला कधी कधी चटणी चालते, कारण पाने वाटली की त्यांतील विकरे (एन्झाइम) त्या अल्डिहाइडांचे रूप बदलतात. तिथे त्याचे मत बदललेले नसते, नाकापर्यंत पोचणारा पदार्थच बदललेला असतो.