जास्त गिअर म्हणजे सोपा चढ?

'सायकलला जितके गिअर जास्त, तितका चढ सोपा' असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. आकडा मोठा असल्याने ते पटतंही. पण २१ गिअर म्हणजे पुढच्या ३ दातेरी चकत्या गुणिले मागच्या ७. त्यातली बरीच गुणोत्तरं जवळपास सारखीच असतात. चढावर कामाला येतो तो एकच, सगळ्यांत हलका गिअर.

तो किती हलका ते काढायला पुढच्या सगळ्यांत लहान चकतीचे दाते मोजा आणि मागच्या सगळ्यांत मोठ्या चकतीच्या दात्यांनी भागा; उत्तर जितकं लहान, तितका गिअर हलका. २१ गिअरच्या सायकलवर पुढे २८, मागे २८ असतील तर उत्तर १. पुढे एकच ३२ची चकती आणि मागे ४६ असलेल्या ११ गिअरच्या सायकलवर ०.७०. म्हणजे चढाला ११वालीच हलकी.

दाते मोजायचा कंटाळा असेल तर हलक्या गिअरवर टाकून, सायकल ढकलत पेडल हाताने एक पूर्ण फेरा फिरवा आणि चाक किती पुढे गेलं ते टेपने मोजा. २.१ मीटर घेराच्या चाकावर वरच्या दोघींचं अंतर साधारण २.१ आणि १.४६ मीटर येईल. मिनिटाला ६० फेरे धरले तर वेग ताशी साडेसात आणि सव्वापाच किलोमीटर. याहून फार हळू दुचाकीचा तोल सांभाळणं अवघड. तीनचाकीला ती अडचण नाही, म्हणून तिला आणखी हलका गिअर खुशाल द्यावा.

मागची चकती मोठी बसवताना मात्र डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) किती दात्यांपर्यंत चालतो ते आधी बघा. चेन आखूड पडली तर पुढची मोठी आणि मागची मोठी चकती एकत्र लागताच डिरेलर ताणून वाकतो.