फॉर्म बी परत का येतो? लॉज, काजू कारखाने आणि भिंतीवरच्या पाट्या

फॉर्म बी, म्हणजे आगीपासून बचावाची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र. तो वर्षातून एकदाच द्यायचा, असं धरून बसलेले लॉजवाले आणि काजू कारखानदार मालवणपासून चिपळूणपर्यंत भेटतात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 प्रमाणे तो दोनदा लागतो, जानेवारीत आणि जुलैत. नोटीस येईल म्हणून थांबू नका. जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे, म्हणजे भाडेकरूनेही "ते मालक बघतील" म्हणून भागत नाही.

सिलिंडर भरून देणाऱ्या दुकानाची पावती म्हणजे फॉर्म बी नव्हे. तो परवानाधारक एजन्सीनेच द्यायचा असतो. एजन्सीच्या परवान्याची मुदत आधी बघा, कारण या एका तारखेपायी कागद परत आलेले मी पाहिलेत. आणि फॉर्म ए, म्हणजे यंत्रणा बसवली तेव्हाचं प्रमाणपत्र, बहुतेकांकडे नसतं. भाडेकरार करतानाच त्याची झेरॉक्स मागून घ्या, नंतर कुणी शोधून देत नाही.

नगरपरिषद हद्दीत फॉर्म बी तिथल्या अग्निशमन विभागाकडे जातो. लोटे परशुरामसारख्या वसाहतीत एमआयडीसीचा स्वतःचा विभाग आहे. काय काय जोडायचं याची छापील यादी काउंटरवर लावायला काय हरकत आहे, हे मला आजवर कळलेलं नाही. गरीब माणसाची एक खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते.

आता पाट्या. हिरवी पाटी बाहेरची वाट दाखवते, लाल चौकोनी पाटी आग विझवायचं साधन कुठे आहे ते सांगते. पिवळा त्रिकोण म्हणजे धोका, निळा गोल म्हणजे हे करायलाच हवं, लाल गोलात तिरपी रेघ म्हणजे मनाई.

समुद्राकाठच्या एका लॉजमध्ये जिन्यावरची पत्र्याची पाटी खाऱ्या हवेनं इतकी गंजली होती की बाण नेमका कुठे वळतो तेच कळेना. किनाऱ्यावर पत्रा टिकत नाही, ॲक्रिलिकची लावा. अंधारात चमकणारी पाटी आधी उजेड शोषते, म्हणून दिवसभर दिवे बंद असलेल्या गोदामात ती रात्री चमकणार नाही.

एका काजू कारखान्यात हिरवी पाटी व्यवस्थित होती. खाली टरफलांची पोती रचलेली, आणि दाराला बाहेरून कुलूप. टरफलात तेल असतं, ती भडकतात. सोलणाऱ्या बायकांना विचारलं, आग लागली तर कुठून जाल? सगळ्यांनी पुढचं फाटक दाखवलं. मागच्या दाराचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. कृपा करून ते कुलूप काढा, पोती हलवा आणि माणसांना एकदा त्या दारातून चालवून आणा.

जुलैत पावसामुळे एजन्सीची माणसं वेळेवर पोचत नाहीत, तेव्हा मे महिन्यातच फोन करून तारीख घ्या. त्याआधी एका रात्री मेन स्विच बंद करून शेवटच्या खोलीपासून अंगणापर्यंत पाट्या बघत चाला. जिथे पाय अडखळेल तिथे पाटी लावा, मग एजन्सीला बोलवा.