आर्चटॉप गिटारचं वायरिंग इतकं अवघड का, त्याची पार्श्वभूमी

आर्चटॉप म्हणजे वरची फळी फुगीर असलेली पोकळ गिटार. तिचं वायरिंग बिघडलं की पहिली अडचण हीच, की आत हात घालायला जागा नाही. सॉलिडबॉडीला, म्हणजे भरीव लाकडाच्या इलेक्ट्रिक गिटारीला, झाकण असतं, चार स्क्रू काढले की पॉट (आवाज आणि टोन कमीजास्त करायची बटणं), कपॅसिटर सगळं समोर. इथं मागची फळी अखंड, त्यामुळं अख्खा हार्नेस (पॉट, जॅक आणि वायरींचा जुडगा) एफ-होलमधून, म्हणजे वरच्या फळीतल्या एफ आकाराच्या भोकातून, बाहेर ओढायचा आणि सोल्डरिंग झालं की पॉटच्या दांडीला दोरा बांधून त्याच भोकातून परत जागेवर न्यायचा. असं का, तर हे वाद्य घडलं तेव्हा त्यात वायर जाणार हे कुणी धरलंच नव्हतं. आमच्या सांगली-मिरजेकडं आता बऱ्याच पोरांकडं आर्चटॉप दिसतात आणि पहिला प्रश्न असतो पिकअप (तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) कुठला टाकू, म्हणून आधी हा इतिहास सांगतो, कारण उत्तर त्यातच आहे.

अमेरिकेत कॅलमाझू गावात ऑर्व्हिल गिब्सन १८९० च्या दशकात व्हायोलिनसारखी जाड फळी कोरून, मध्ये फुगीर आणि कडेला पातळ अशी तबली, म्हणजे वरची फळी, करायचा. १८९८ ला त्याला मँडोलिनचं पेटंट मिळालं, १९०२ ला कंपनी निघाली आणि १९२२ मध्ये तिथल्याच लॉइड लोअरच्या देखरेखीत एफ-होलवाली एल-५ गिटार आली. तबली मोकळी हलली पाहिजे आणि आवाज लांब गेला पाहिजे, सगळा आटापिटा यासाठीच, मिरजेत तंबोऱ्याची तबली लावणाऱ्या कारागिराला हे वेगळं सांगावं लागणार नाही.

पण बँड मोठे झाले, ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या मागं गिटार ऐकूच येईना. मग आधी उपाय केला लाकडानं, १६ इंची बॉडी १७ इंच झाली आणि १९३४ ला सुपर ४०० तर १८ इंचांची आली. तरीही भागलं नाही. तोवर मांडीवर ठेवून वाजवायच्या हवाईयन लॅपस्टील गिटारवर रिकनबॅकरवाल्यांनी १९३१-३२ च्या सुमारास मॅग्नेट आणि कॉइलचा पिकअप बसवून दाखवला होता, तो धागा धरून गिब्सनने १९३६ मध्ये ईएस-१५० ही इलेक्ट्रिक आर्चटॉप काढली, अँप आणि केबल धरून साधारण दीडशे डॉलरला. तिच्यातले मॅग्नेट इतके लांब आणि जड होते की ते तबलीच्या खाली तीन बोल्टवर टांगावे लागले. जॅझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चन १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या बँडमध्ये हीच घेऊन गेला आणि गिटारवाला पहिल्यांदा सॅक्सोफोनवाल्यासारखा पुढं येऊन सोलो वाजवायला लागला. बिचारा १९४२ ला पंचविसाव्या वर्षीच गेला, पण त्या पिकअपला आजही त्याच्याच नावानं ओळखतात.

खरी अडचण इथूनच सुरू होते. जी तबली मोकळी हलावी म्हणून कोरली तिलाच भोक पाडून वजन टांगलं, आणि वर ती मोकळी हलते म्हणूनच अँपचा आवाज परत तिच्यात शिरतो आणि फीडबॅक (कर्कश घोंगाट) होतो. यावर दोन वाटा निघाल्या. एक डीआरमंड या पिकअपवाल्या कंपनीची, पिकअप गळ्यापाशी किंवा पिकगार्डला अडकवायचा, तबलीला हातच लावायचा नाही. गिब्सननेसुद्धा १९६१ च्या जॉनी स्मिथ मॉडेलला असाच तरंगता मिनी हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) दिला. दुसरी वाट म्हणजे तबलीच बदलायची. १९४९ ची ईएस-१७५ प्लायसारख्या थर दिलेल्या मेपलची, स्वस्त आणि फीडबॅकला जरा दमानं घेणारी. आधी तिच्यात पी-९० हा एका कॉइलचा पिकअप होता, १९५७ पासून सेथ लव्हरचा हंबकर, ज्यातल्या दोन उलट कॉइल मेन्सची घरघर एकमेकींतच मारतात (आपल्याकडं ५० हर्ट्झ, तिकडं ६०). मग १९५८ ला ईएस-३३५ मध्ये मधोमध लाकडाचा ठोकळाच घातला.

आपल्याकडं या वाद्याला फार मोठा मान मिळालाय आणि तो कमी बोलला जातो. ब्रिजभूषण काब्रांनी शास्त्रीय संगीत वाजवलं ते गिब्सन सुपर ४०० मध्ये बदल करून, आणि विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा मुळात आर्चटॉपच, तिला चिकारी आणि तरफेच्या तारा जोडलेल्या, १९९४ ला ग्रॅमी मिळालं ते हिच्याच वादनाला. मला याचा मनापासून अभिमान वाटतो.

म्हणून अपग्रेड करण्याआधी आपली गिटार कुठल्या वाटेची आहे ते बघा. कोरीव तबलीची असेल तर हंबकरसाठी ती कापू नका, एकदा कापलेली फळी परत येत नाही, तरंगता पिकअप घ्या. थरांची असेल तर पिकअप बदलायला हरकत नाही. पण खरं सांगायचं तर निम्म्या वेळा पिकअप बिघडलेलाच नसतो. कृष्णाकाठची पावसाळी ओल, त्यात २०१९ च्या पुरात कितीतरी घरांत पाणी शिरलेलं, अशा ठिकाणी पॉटचा कार्बन ट्रॅक आणि जॅकची पत्ती आधी खराब होते, खरखर येते ती तिथून. आधी क्लीनर मारा, मग पॉट बदला. हंबकर आणि पी-९० ला ५०० के (किलोओहम) पॉट चालतो, २५० के टाकला तर वरचा आवाज गळतो आणि गिटार मुकी वाटते. टोनला ०.०२२ मायक्रोफॅरडचा साधा फिल्म कपॅसिटर पुरतो, महागाच्या जुन्या कपॅसिटरवर पैसे घालवू नका. आशियात बनलेल्या गिटारीत पॉटचं भोक मिलिमीटरच्या मापाचं असतं, त्यात अमेरिकन इंची पॉट बसत नाही, आणि तबलीला रीमर (भोक मोठं करायचं हत्यार) लावण्यापेक्षा मापाचा पॉट शोधणं कधीही बरं.

अर्थिंगची वायर टेलपीसला (तारा मागं अडकवायच्या धातूच्या भागाला) जाते, कारण लाकडी ब्रिज नुसता दाबानं उभा असतो, त्याला ती जोडताच येत नाही. तारेला हात लावल्यावर घरघर जराही कमी झाली नाही तर पहिल्यांदा ती वायर तपासा. आणि तारा ब्राँझच्या असतील तर काढा, मॅग्नेटला ब्राँझ कळत नाही, नुसती आतली पोलादी तार कळते, त्यामुळं सगळ्यात बारीक दोन साध्या तारा बोंबलतात आणि बाकीच्या दबतात. निकेलच्या फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीनं गुंडाळलेल्या) तारा टाकून एकदा ऐका, मगच नव्या पिकअपची ऑर्डर द्या.