शेंड्यांखालची जमीन : हवाई लेझर वनमोजणीची पार्श्वभूमी

उभ्या झाडाचा घेर मोजणं सोपं आहे. जमिनीपासून १.३ मीटरवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीवर, टेप गुंडाळायचा किंवा कॅलिपर या चिमट्यासारख्या साधनानं जाडी मोजायची आणि आकडा वहीत उतरवायचा. उंची मात्र छळते. शेंडा दिसेल इतकं मागे सरकावं, तर मध्ये दुसरी झाडं येतात. दाट जंगलात खालून जे टोक दिसतं, ते त्याच झाडाचं असेल याचीही खात्री नसते. म्हणून वनमोजणीत घेर बहुतेक सगळ्या झाडांचा आणि उंची मोजक्याच झाडांची, अशी वाटणी पडून गेली. नॉर्वेने १९१९ मध्ये, फिनलंडने १९२१ मध्ये आणि स्वीडनने १९२३ मध्ये देशभराची वनमोजणी सुरू केली, ती अशाच हातमोजणीवर. काही ठरावीक जागी मोजायचं आणि त्यावरून अख्ख्या देशाचा हिशेब मांडायचा. देशाचा आकडा त्यातून चांगला निघे, पण अमुक एका उतारावर किती लाकूड उभं आहे हे काही कळत नसे.

विमानातून छायाचित्रं घेता येऊ लागली तेव्हा हा प्रश्न सुटेल असं वाटलं होतं. दोन जागांवरून काढलेली छायाचित्रं जोडीनं पाहिली की उंचसखलपणा दिसतो, शेंड्याची उंची काढता येते. पण झाडाची उंची ही वजाबाकी आहे. शेंडा समुद्रसपाटीपासून किती वर आहे त्यातून बुंधा किती वर आहे ते वजा करायचं, आणि बुंधा नेमका पानांखाली झाकलेला. विरळ जंगलात मधल्या मोकळ्या जागेतली जमीन पकडून काम भागे. दाट छत्राखाली, म्हणजे शेंड्यांच्या सलग पसाऱ्याखाली, मात्र अंदाजाशिवाय इलाज नव्हता. माझ्या मते पुढचा सगळा इतिहास या झाकलेल्या जमिनीभोवतीच फिरतो.

थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये कॅलिफोर्नियातल्या ह्यूज प्रयोगशाळेत पहिला लेझर चालवून दाखवला. अंतर मोजण्यासाठी त्याचा उपयोग होईल हे लगेच लक्षात आलं. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, सुमारे ३० सेंटिमीटर जातो. जाण्यायेण्याचा प्रवास धरला तर एका नॅनोसेकंदाच्या फरकाला १५ सेंटिमीटर अंतर पडतं. वेळ तेवढी बारकाईनं मोजता आली की अंतर हाती येतं.

जंगलावर हे कसं चालतं ते एका स्पंदापुरतं, म्हणजे लेझर प्रकाशाच्या एका क्षणिक झटक्यापुरतं, पाहू. विमान हजार मीटरवरून उडतंय. लेझरचा झोत खाली पोचेपर्यंत थोडा पसरतो आणि छत्रावर त्याचा पाव ते अर्धा मीटर रुंदीचा ठिपका पडतो. ठिपक्याचा काही भाग वरच्या पानांवर आदळून परत फिरतो. काही भाग पानांमधल्या फटीतून खाली घुसतो, मधल्या फांदीवर थोडा अडतो, आणि नशीब असेल तर उरलेला जमिनीला लागून परत येतो. या कामासाठी सहसा जवळच्या अवरक्त पट्ट्यातला प्रकाश वापरतात, कारण हिरवी पानं तो भरपूर परतवतात. झाड ३० मीटरचं असेल तर पहिला आणि शेवटचा संकेत यांत सुमारे २०० नॅनोसेकंदांचं अंतर राहतं. शेंडा आणि जमीन, दोन्ही एकाच स्पंदात सापडतात. छायाचित्राला हे कधी जमलं नव्हतं.

सुरुवातीची उपकरणं विमानाच्या बरोबर खालची एकच रेघ मोजत. समुद्रावरचं बर्फ, लाटा, उथळ पाण्याची खोली अशा कामांसाठी ती वापरली जात होती. जंगलाकडे ती वळली १९७० च्या दशकात. लेनिनग्राडमध्ये सोलोदुखिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या दशकाच्या अखेरीस विमानातल्या लेझरनं झाडांच्या उंचीची रेषा काढून पाहिली. अमेरिकेत नासाच्या गोडार्ड केंद्रातले रॉस नेल्सन आणि सहकाऱ्यांचा पेन्सिल्व्हेनियातल्या जंगलावरचा अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. छायाचित्रांवरून काढलेली सरासरी उंची आणि लेझरची उंची यांत एक मीटरपेक्षाही कमी फरक पडला. मला त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त रोचक वाटते. जिथे छत्र दाट होतं तिथे जमिनीचा संकेत क्षीण व्हायचा किंवा मिळायचाच नाही. नेल्सन यांनी त्या न मिळण्यालाच मोजमाप मानलं. जमीन जितकी दुर्मीळ, तितकं छत्र दाट. आज छत्राची घनता काढताना जमिनीपर्यंत पोचलेल्या आणि वरच अडलेल्या स्पंदांचं प्रमाण धरतात, ते याच विचाराला धरून.

मग हे तंत्र पुढची दहा वर्षं प्रयोगापुरतंच का राहिलं? कारण लेझर जमिनीपर्यंतचं अंतर सांगत होता, पण विमान स्वतः कुठे आहे हे कुणी नेमकं सांगू शकत नव्हतं. विमान थोडं जरी कललं तरी ठिपका भलतीकडे पडतो. हजार मीटरवरून एका अंशाची चूक झाली तर जमिनीवर १७ मीटरची चूक होते. जीपीएस आणि विमानाचं कलणं-वळणं टिपणारे जडत्व संवेदक एकत्र आले तेव्हा ही अडचण दूर झाली. जर्मनीत स्टुटगार्ट विद्यापीठात १९८० च्या दशकाच्या अखेरीस यावर पायाभूत काम झालं. १९९५ मध्ये जीपीएस पूर्ण क्षमतेनं चालू झालं. तोपर्यंत हलत्या आरशानं झोत डावीउजवीकडे फिरवणारी यंत्रंही आली होती, त्यामुळे एका रेघेऐवजी रुंद पट्टा मोजता येऊ लागला.

आता गंमत अशी की या यंत्रांना पैसा पुरवणाऱ्यांना जंगलाशी फारसं देणंघेणं नव्हतं. त्यांना पूर, रस्ते, बंधारे यांसाठी जमिनीचे उंची-नकाशे हवे होते. नेदरलँड्सने १९९० च्या दशकात देशभराची लेझर मोजणी हाती घेतली ती पाण्याच्या चिंतेतून. परत आलेला प्रत्येक संकेत नकाशावर एक बिंदू देतो. व्हिएन्नात क्राउस आणि फायफर या संशोधकांनी १९९८ मध्ये झाडीच्या प्रदेशातले बिंदू गाळून जमीन वेगळी काढण्याची पद्धत मांडली. या मंडळींच्या लेखी झाडं म्हणजे गाळून टाकायचा कचरा. त्यांनी जमीन शोधण्याच्या रीती घासूनपुसून पक्क्या केल्या आणि टाकून दिलेल्या बिंदूंत वनशास्त्रज्ञांना जंगल आयतं मिळालं.

ते सर्वांत पद्धतशीरपणे उचललं नॉर्वेच्या एरिक नेसेट यांनी. १९९७ मध्ये त्यांनी उंची आणि लाकडाचं आकारमान यांवर निबंध लिहिले. २००२ मध्ये त्यांनी मांडलेली दोन टप्प्यांची रीत पुढे जगभर रूढ झाली. आधी जंगलात काहीशे चौरस मीटरचे नमुना भूखंड आखायचे आणि त्यातली झाडं हातानं मोजायची. त्याच भूखंडांवरच्या लेझर बिंदूंची उंची कशी विखुरली आहे ते पाहायचं: निम्मे बिंदू किती उंचीखाली आहेत, नव्वद टक्के किती खाली, जमिनीला किती लागले. या दोहोंचा संख्याशास्त्रीय संबंध जुळवायचा आणि तेवढ्याच आकाराच्या चौकटी करून तो सगळ्या जंगलाला लावायचा. यात लेझर एकही झाड सुटं मोजत नाही! लेझर घेर पाहत नाही, जातही धड ओळखत नाही. तो उंचीची विभागणी देतो, लाकडाचा आकडा येतो कॅलिपरवाल्यांच्या वहीतून. विमानानं माणसाला जंगलातून हद्दपार केलं असं जे कधीकधी सांगितलं जातं, ते म्हणूनच पटत नाही.

फिनलंडमध्ये युहा ह्युप्पा आणि सहकाऱ्यांनी त्याच सुमारास झाडागणिक मोजण्याची वाट धरली. बिंदू दाट असतील तर एकेक शेंडा वेगळा काढता येतो. मोठ्या झाडाखाली दडलेली लहान झाडं मात्र सुटतात.

देशव्यापी लेझर मोजणी पुढे अनेकांनी केली. फिनलंडने २००८ मध्ये, स्वीडनने २००९ मध्ये सुरुवात केली, तीही मुख्यतः जमिनीच्या नकाशासाठी. उष्ण कटिबंधात हे काम अवघड होतं, कारण जमिनीपर्यंत पोचणारे स्पंद फारच थोडे. तरी ग्रेग ॲस्नर यांच्या चमूनं पेरूच्या ॲमेझॉनमधल्या ४३ लाख हेक्टरांचा कार्बन नकाशा २०१० मध्ये प्रसिद्ध केला. विमान त्यातल्या काही भागावरूनच उडालं होतं, बाकीचं उपग्रहचित्रांच्या आधारे भरून काढलं. बोर्निओत साबाच्या दानुम खोऱ्यावरून २०१४ मध्ये घेतलेल्या लेझर मोजणीत एक अचाट उंच मेरांती झाड दिसलं. २०१९ मध्ये झाडांवर चढण्यात तरबेज अशा स्थानिक माणसानं वर चढून टेप सोडला तेव्हा ते १००.८ मीटर भरलं. उतारावरच्या झाडाचा बुंधा नेमका कुठून धरायचा, हा जुना प्रश्न अशा वेळी पुन्हा डोकं वर काढतोच. आणि पानांखालची ही जमीन इतरांच्याही कामी आली. बेलीझमधल्या काराकोल या माया शहराची जुनी शेतं आणि रस्ते २००९ च्या लेझर मोजणीत उघडे पडले.

अंतराळातूनही प्रयत्न झाले. २००३ मध्ये सोडलेल्या आइससॅट या उपग्रहाच्या लेझरचा ठिपका जमिनीवर कित्येक दहा मीटर रुंदीचा पडे, त्यामुळे डोंगरउतारावर झाड आणि जमीन यांचे संकेत एकमेकांत मिसळत. डिसेंबर २०१८ मध्ये अंतराळ स्थानकाकडे रवाना झालेल्या जेडी या लेझर उपकरणाचा ठिपका २५ मीटरचा, आणि त्याचा उद्देशच जंगल.

देखरेखीसाठी एकदा मोजून भागत नाही, आणि खरी कटकट दुसऱ्या मोजणीत सुरू होते. फिनलंडच्या पहिल्या फेरीत दर चौरस मीटरला अर्धा बिंदू होता, २०२० पासूनच्या फेरीत पाच. विरळ बिंदू शेंडा बरेचदा चुकवतात आणि झाड ठेंगणं दाखवतात. दाट बिंदू शेंडा गाठतात. म्हणजे जंगल अजिबात वाढलं नाही तरी कागदावर ते वाढलेलं दिसू शकतं. त्यात दोन फेऱ्यांतली जमीन वेगवेगळ्या रीतीनं गाळलेली असेल, तर तिचा डेसिमीटरभराचा, म्हणजे दहा सेंटिमीटरचा, फरकही झाडाच्या खात्यात जमा होतो. थंड प्रदेशात झाड वर्षाला थोडे डेसिमीटरच वाढतं, तेव्हा हा फरक किरकोळ नाही. यावर वापरला जाणारा एक उपाय म्हणजे दोन्ही वेळी एकच, त्यातल्या त्यात बरी असलेली जमीन धरायची, आणि जुने नमुना भूखंड त्याच खुणांवर जाऊन पुन्हा मोजायचे. सरसकट तोड अशा तुलनेत लगेच दिसते. विरळणी किंवा छत्राखालची चोरटी तोड मात्र या चुकांच्या आकड्यांतच अजून बरेचदा हरवून जाते.