छापा की काटा? एनबीए ड्राफ्टच्या वादामागचा इतिहास

एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, साखळी हंगाम एप्रिलमध्ये संपतो, तेव्हा तळाला राहिलेल्या संघांच्या चाहत्यांकडेच बोलण्यासारखं सर्वात जास्त असतं. जिंकणाऱ्यांचे चाहते प्ले-ऑफ बघतात आणि हरणाऱ्यांचे चाहते कॉलेजच्या पोरांची मापं पाठ करतात: हातांचा पसारा किती, उडी किती, तीन गुणांचे फटके शंभरात किती बसतात, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालीय का. जूनअखेरीस ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, होईपर्यंत हे चालतं आणि मुद्दे दरवर्षी तेच असतात. सर्वोत्तम खेळाडू उचलायचा की संघातली रिकामी जागा भरायची? चार वर्षं कॉलेज खेळून तयार झालेला गडी बरा की अठरा-एकोणीस वर्षांचं कोवळं पोर? आपल्या राज्यातला लाडका घ्यायचा की कुठून तरी आलेला परका?

हे प्रश्न चाहत्यांच्या हौसेतून आले असं वाटतं. प्रत्यक्षात त्यातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न लीगच्या कुठल्या ना कुठल्या नियमाने जन्माला घातला आहे, आणि तो नियम बहुतेक वेळा कुणाची तरी चलाखी रोखायला किंवा कुणाची तरी तिजोरी वाचवायला आला होता.

आपल्याकडे आयपीएलमुळे लिलाव सगळ्यांना पाठ आहे. ड्राफ्ट त्याच्या उलट. लिलावात पैसा बोलतो, ड्राफ्टमध्ये पाळी. सर्वात वाईट खेळलेल्या संघांना आधी निवडायला मिळतं, आणि ज्याने निवडलं त्याच्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही संघाशी त्या खेळाडूला करार करता येत नाही. ही कल्पना बास्केटबॉलची नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक बर्ट बेल यांनी ती मांडली आणि 1936 मध्ये तिथला पहिला ड्राफ्ट झाला. दुबळ्यांना हात देणं हा त्याचा सांगितलेला हेतू. एकाच पोरासाठी मालकांनी एकमेकांवर बोली चढवायची नाही, हा त्याचा न सांगितलेला फायदा.

बास्केटबॉलने हा प्रकार 1947 मध्ये उचलला. तेव्हा लीगचं नाव बीएए होतं. एनबीए हे नाव 1949 मध्ये दुसऱ्या लीगशी विलीनीकरण झाल्यावर आलं. पहिल्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू होता क्लिफ्टन मॅकनीली. पिट्सबर्गने त्याला निवडलं, पण तो लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. टेक्सासमध्ये शाळेच्या संघाचा प्रशिक्षक होणं त्याला जास्त बरं वाटलं, आणि पिट्सबर्गचा तो संघही पुढचा हंगाम सुरू होण्याआधीच बंद पडला. त्या काळी व्यावसायिक बास्केटबॉलची पत एवढीच होती. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये खरी गर्दी व्हायची ती कॉलेजच्या सामन्यांना.

म्हणून लीगने एक नामी युक्ती काढली: प्रादेशिक निवड. आपल्या मैदानापासून साधारण 50 मैलांच्या आत शिकलेला खेळाडू हवा असेल, तर संघाने पहिल्या फेरीतली आपली पाळी सोडायची आणि त्याला थेट उचलायचं. हिशोब सरळ होता. कॉलेजात ज्याला बघायला लोक यायचे, त्याच्याच मागे ते तिकीट काढून व्यावसायिक सामन्याला येतील. 1960 मध्ये सिनसिनाटीने आपल्याच विद्यापीठाचा ऑस्कर रॉबर्टसन असा मिळवला. त्याच्या आदल्या वर्षी फिलाडेल्फियाने याहून मोठी मजल मारली. विल्ट चेंबरलेन कॉलेज खेळला होता शेकडो मैल लांब, कॅन्ससला. पण शाळा फिलाडेल्फियाची, आणि कॅन्ससच्या आसपास एनबीएचा संघ नाही, म्हणून हा आमचाच, असा दावा त्यांनी केला आणि तो मान्यही झाला. शाळेच्या जोरावर अशी निवड झालेला तो एकटाच. पहिल्याच हंगामात त्याने सामन्यामागे 37.6 गुण काढले.

2008 मध्ये आयपीएल सुरू होताना सचिनला मुंबई, द्रविडला बंगळूरू, गांगुलीला कोलकाता असे ‘आयकॉन’ वाटून दिले होते, त्यामागचं गणित हेच. मग लिलावाच्या देशातही एक छोटा ड्राफ्ट झाला होता, 19 वर्षांखालील पोरांचा. दिल्लीने त्यात प्रदीप सांगवान हा डावखुरा वेगवान गोलंदाज घेतला, आणि दिल्लीचाच विराट कोहली बंगळूरूला गेला. गरज बघायची की गुणवत्ता, यावर अमेरिकेतली भांडणं ऐकताना आपल्याला फार लांब जावं लागत नाही.

प्रादेशिक निवड 1965 नंतर बंद झाली. नियम गेला, तरी घरचा पोरगा हवा ही भूक तशीच राहिली. तिचं सर्वात बोलकं उदाहरण इंडियाना राज्यातलं आहे, जिथे बास्केटबॉल म्हणजे जवळपास धर्मच. 1987 मध्ये इंडियाना विद्यापीठाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं आणि त्या संघाचा नायक होता स्टीव्ह ऑल्फर्ड, त्याच राज्यातल्या न्यू कॅसल गावचा. त्या वर्षी इंडियाना पेसर्सची पाळी अकरावी होती. अख्ख्या राज्याने ऑल्फर्ड धरून ठेवला होता. जनरल मॅनेजर डॉनी वॉल्श यांनी नाव दिलं रेजी मिलरचं, लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमधला एक हाडकुळा पोरगा. चाहत्यांनी हुर्यो उडवली. ऑल्फर्ड पुढे 26 व्या क्रमांकावर डॅलसकडे गेला आणि चार हंगामांत त्याची कारकीर्द आटोपली. मिलर 18 वर्षं फक्त पेसर्ससाठी खेळला आणि हॉल ऑफ फेममध्ये गेला. चाहत्यांना काय कळतं, असं म्हणणाऱ्यांचा हा आवडता दाखला.

पण दुसरी बाजूही आहे. 2009 मध्ये न्यूयॉर्क निक्सच्या चाहत्यांना डेव्हिडसन या छोट्या कॉलेजचा स्टेफन करी, पुढचा मोठा तारा, हवा होता. निक्सची पाळी आठवी; सातव्या क्रमांकावर गोल्डन स्टेटने करीला उचललं आणि मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जमलेल्यांचे चेहरे पडले. त्याआधी पाचवी आणि सहावी पाळी मिनेसोटाकडे होती. त्यांनी लागोपाठ दोन गार्ड, म्हणजे करीच्याच जागेवरचे खेळाडू, घेतले आणि दोन्ही वेळा करीला सोडलं. हे ठरवणारे पगारी जाणकार होते. माझ्या मते या इतिहासात चाहते आणि जाणकार यांच्या चुकांचं पारडं जवळपास सारखंच भरतं. फरक एवढाच की जाणकाराची चूक नोंदली जाते आणि चाहत्याची विसरली जाते.

एका वर्षी तर चाहत्यांना खरोखरच मत देता आलं होतं. प्रादेशिक निवड गेल्यावर पहिली पाळी कुणाची हे ठरवायला नाणेफेक आली: दोन्ही विभागांतल्या तळाच्या संघांमध्ये छापा-काटा. 1969 मध्ये समोरासमोर होते मिलवॉकी आणि फिनिक्स, दोघेही वर्षभरापूर्वी जन्मलेले. बक्षीस होतं ल्यू अल्सिंडोर, यूसीएलएला सलग तीन विजेतेपदं मिळवून देणारा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू), पुढचा करीम अब्दुल-जब्बार. काय मागायचं हे फिनिक्सने चाहत्यांनाच विचारलं. कौल आला छापा. नाणं पडलं काटा. मिलवॉकी अल्सिंडोरला घेऊन 1971 मध्ये विजेते झाले. फिनिक्सच्या वाट्याला नील वॉक आला, आणि विजेतेपदाची वाट ते अजून बघताहेत.

अल्सिंडोर चार वर्षं कॉलेज पूर्ण करून आला होता, कारण तसा नियमच होता: शाळा सोडून चार वर्षं झाल्याशिवाय एनबीएत प्रवेश नाही. कॉलेजांना फुकट तारे मिळायचे आणि लीगला फुकट जाहिरात. हा सौदा स्पेन्सर हेवूडने मोडला. मिसिसिपीतल्या गरीब घरातून आलेला हा फॉरवर्ड 1970 मध्ये सिएटलकडून खेळायला उतरला, लीगने आक्षेप घेतला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मार्च 1971 मध्ये 7 विरुद्ध 2 मतांनी त्याच्या बाजूने निकाल लागला. लीगने मग आधी ‘आर्थिक अडचण असेल तर लवकर या’ अशी पळवाट काढली आणि 1976 मध्ये तीही अट सोडली. ‘कोवळा की तयार’ हा वाद इथून सुरू होतो. त्याआधी तो शक्यच नव्हता, सगळेच तयार होऊन यायचे.

आता 1984, ज्याच्याशिवाय ही चर्चा पूर्ण होत नाही. ह्यूस्टनने पहिल्या क्रमांकावर हकीम ओलाजुवान घेतला. दुसरी पाळी पोर्टलंडची. ती त्यांना इंडियानाकडून तीन वर्षांपूर्वी टॉम ओवेन्स या उतरणीला लागलेल्या सेंटरच्या बदल्यात मिळाली होती. पोर्टलंडकडे क्लाइड ड्रेक्सलर होता, म्हणजे मायकल जॉर्डनच्याच जागेवर खेळणारा तरुण खेळाडू. त्यांना उंच माणूस हवा होता. त्यांनी केंटकीचा सॅम बोवी घेतला, पायाच्या दुखापतीने कॉलेजचे दोन हंगाम बुडालेला. जॉर्डन तिसऱ्या क्रमांकावर शिकागोला गेला. तेव्हापासून ‘गरज बघू नका, सर्वोत्तम घ्या’ म्हणणाऱ्याला जास्त बोलावं लागत नाही, नुसतं ‘बोवी’ म्हटलं की झालं. खरं तर हे जरा अन्यायाचं आहे. त्या काळात सेंटरशिवाय विजेतेपद मिळत नाही असं जवळजवळ सगळेच मानत. बिल रसेलच्या 13 हंगामांत बॉस्टनने 11 विजेतेपदं मिळवली होती, आणि त्याला ड्राफ्टमध्ये मिळवण्यासाठी दोन उत्तम खेळाडू सेंट लुइसला दिले होते. पोर्टलंड तीच जुनी पोथी वाचत होतं.

त्याच वर्षी दुसरी एक गोष्ट घडली, तिचा परिणाम बोवीपेक्षा मोठा. ह्यूस्टनने आदल्या वर्षीची नाणेफेक जिंकून राल्फ सॅम्पसन घेतला होता, आणि 1984 मध्ये ते पुन्हा तळाला. हंगामाच्या शेवटी 38 वर्षांच्या एल्विन हेजला एका सामन्यात जवळपास पूर्ण वेळ खेळवलं गेलं, आणि हे मुद्दाम हरताहेत अशी बोंब उठली. पुढच्याच वर्षी नाणेफेकीच्या जागी लॉटरी, म्हणजे तळाच्या संघांमधली सोडत, आली. 12 मे 1985 रोजी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलात सात संघांची पाकिटं एका गोल पिंपात फिरवली, आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी हात घातला आणि निघालं न्यूयॉर्क निक्स. म्हणजे जॉर्जटाउनचा पॅट्रिक युइंग लीगच्या सर्वात मोठ्या बाजारपेठेत. हाताला ओळखू यावं म्हणून पाकीट बर्फात गार करून ठेवलं होतं, कोपरा दुमडला होता, अशा कथा आजही सांगितल्या जातात. पुरावा कुणीच दिलेला नाही, आणि कथा थांबलेल्या नाहीत.

लॉटरीचे नियम मग दर काही वर्षांनी बदलत राहिले. पाकिटांच्या जागी चेंडू आले, आणि 1993 मध्ये सोडतीतल्या 66 पैकी एकच चेंडू नावावर असलेल्या ऑरलँडोने पहिली पाळी पटकावली. मग सर्वात वाईट संघाची शक्यता 25 टक्क्यांवर नेली. त्यामुळे हरणं पुन्हा फायद्याचं झालं. फिलाडेल्फियाने 2013 पासून हेच धोरण उघडपणे राबवलं आणि 2015-16 मध्ये 82 पैकी 72 सामने गमावले. त्या शहरात असे चाहते तयार झाले जे आपला संघ जिंकला की वैतागायचे. शेवटी 2019 मध्ये तळाच्या तिन्ही संघांना सारखीच 14 टक्के शक्यता दिली. 2025 मध्ये 1.8 टक्के शक्यता असलेल्या डॅलसला पहिली पाळी लागली. तीन महिन्यांपूर्वीच त्यांनी आपला सर्वात मोठा तारा लुका डॉन्चिचला लॉस एंजेलिसला देऊन चाहत्यांचा संताप ओढवून घेतला होता. त्यांना मिळाला ड्यूक विद्यापीठाचा कूपर फ्लॅग, त्या वर्षीचा सर्वात गाजलेला पोरगा. पाकिटाच्या कथा सांगणाऱ्यांना नवा हंगाम मिळाला.

मधल्या काळात वयाचं गणितही दोनदा फिरलं. 1995 मध्ये केविन गार्नेट थेट शाळेतून आला, पाठोपाठ कोबी ब्रायंट आणि 2003 मध्ये लेब्रॉन जेम्स. शाळकरी पोरांवर कोट्यवधी लावताना संघांना घाम फुटू लागला, म्हणून 2006 च्या ड्राफ्टपासून किमान वय 19 आणि शाळा सोडून एक वर्ष ही अट आली. बरीच पोरं ते एक वर्ष कॉलेजात काढू लागली. तीस-पस्तीस सामन्यांवरून कारकिर्दीचा अंदाज बांधायचा, ही सवय चाहत्यांना या अटीने लावली. पहिल्याच झटक्यात 2007 मध्ये पोर्टलंडने सेंटर ग्रेग ओडन घेतला आणि केविन ड्युरंट, पुढचा मोठा तारा, सोडला. पोर्टलंडच्या चाहत्यांपुढे 1984 चा विषय न काढलेलाच बरा.

दुसऱ्या फेरीवर चाहते फारसे भांडत नाहीत, आणि इथे ते चुकतात. 2014 मध्ये पुढे लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या निकोला योकिचचं नाव 41 व्या क्रमांकावर आलं तेव्हा टीव्हीवर जाहिरात चालू होती. 2015 मध्ये 52 व्या क्रमांकावर डॅलसने पंजाबातल्या बल्लो के गावच्या सतनामसिंगला निवडलं, भारतात जन्मलेला पहिला. त्याला एनबीएचा सामना खेळायला मिळाला नाही, पण आपल्याकडच्या अनेकांना ड्राफ्ट नावाची भानगड कळली ती त्या पहाटे.

याच दुसऱ्या फेरीवर सध्या सर्वात मोठा परिणाम होतो आहे. 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावण्याची मुभा मिळाली, आणि 2025 पासून विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या फेरीच्या शेवटी किंवा दुसऱ्या फेरीत निवड होईल असं ज्याला वाटतं, त्याला आणखी एक वर्ष कॉलेजात काढणं आता परवडतं, कधी कधी जास्तच परवडतं. लवकर येणाऱ्यांच्या याद्या आखूड झाल्या आहेत आणि दुसऱ्या फेरीत 22-23 वर्षांची नावं वाढली आहेत. तिशीच्या आसपासच्या क्रमांकावर निवडणाऱ्या संघांचे चाहते आता पोराची उंची विचारण्याआधी तो यंदा कॉलेज सोडतोय का, हे विचारतात.