घरबसल्या व्यसनमुक्ती: कधी सुरक्षित, कधी धोक्याची?

रोज भरपूर दारू पिणाऱ्या माणसाने ‘उद्यापासून बंद’ म्हटलं आणि ते खरं करून दाखवलं, तर घरच्यांना हायसं वाटतं. डॉक्टरांना मात्र त्याच क्षणी काळजी लागते. दारू एकाएकी तोडल्यामुळे माणूस दगावू शकतो. व्हिडिओ कॉलवरून व्यसनाचे उपचार करता येतात का, हा विचार इथूनच सुरू करायला हवा.

दारू मेंदूतल्या गाबा या शांत करणाऱ्या रसायनाचा परिणाम वाढवते आणि ग्लुटामेट या उत्तेजित करणाऱ्या रसायनाचा परिणाम दाबते. हे वर्षानुवर्षं चाललं की मेंदू स्वतःला उलट बाजूने जुळवून घेतो. गाबाला तो कमी दाद देतो, ग्लुटामेटला जास्त. दारू थांबली की दाब जातो, पण ही जुळवणी काही दिवस तशीच राहते आणि मेंदू बेफाम उत्तेजित होतो. शेवटच्या पिण्यानंतर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, मळमळतं, झोप उडते. फिट आलीच तर बहुधा पहिल्या ४८ तासांत येते. सर्वांत धोकादायक अवस्था म्हणजे डिलिरियम ट्रेमेन्स. ती बहुतेकदा ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान गाठते. माणसाला स्थळकाळाचं भान राहत नाही, नसलेली माणसं नि किडे दिसतात, अंग तापतं, रक्तदाब चढतो. अशा वेळी थेट रुग्णालयच गाठायचं. ‘एक दिवस तर नीट गेला’ म्हणून घरचे निर्धास्त होतात, तेव्हा कठीण काळ अजून पुढे असतो.

म्हणून पहिल्या कॉलवरचा सर्वांत मोलाचा प्रश्न असतो: याआधी दारू सोडताना कधी फिट आली होती का, भ्रम झाला होता का? झाला असेल तर पुन्हा होण्याची शक्यता बरीच वाढते. यकृताचा किंवा हृदयाचा गंभीर आजार, गर्भारपण, झोपेच्या गोळ्यांचीही सवय, आत्महत्येचे विचार, किंवा सोबतीला शुद्धीवरचं दुसरं माणूसच नसणं, यांपैकी काहीही असेल तर घरीच सोडवण्याचा हट्ट धरू नये.

बाकीच्यांवर घरी उपचार होऊ शकतात, आणि चांगले होतात. डॉक्टर हात समोर ताठ धरून बोटं फाकवायला सांगतात. थरथर, कपाळावरचा घाम, बोलण्यातला गोंधळ कॅमेऱ्यात दिसतो. पण अगदी सूक्ष्म थरथर बोटाला बोट लावूनच कळते, ती पडद्यावर निसटते. नाडी आणि रक्तदाब घरातलं कुणीतरी यंत्रावर मोजतं. डायझेपामसारख्या, मेंदू शांत करणाऱ्या गोळ्यांचा डोस रोज उतरवत नेतात. या गोळ्या रुग्णाच्या हाती पाकीटभर देऊ नयेत. एकदोन दिवसांपुरत्या, त्याही नातेवाइकाकडे असाव्यात. वर दारू प्यायली तर श्वास मंदावतो.

ब१ जीवनसत्त्वाकडे, म्हणजे थायमिनकडेही लक्ष हवं. त्याची तीव्र कमतरता झाली की तोल जातो, डोळ्यांची हालचाल बिघडते, माणूस गोंधळतो. बघणाऱ्याला वाटतं, हा पुन्हा प्यायला! खुर्चीत बसलेल्या रुग्णाचा तोल पडद्यावर कळत नाही, त्यामुळे त्याला उठून चार पावलं चालायला सांगितलंच पाहिजे. वेळेवर थायमिन मिळालं नाही तर स्मरणशक्तीचं कायमचं नुकसान होऊ शकतं.

इथे एक कळकळीची विनंती. दारू सोडवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या डायसल्फिरामच्या गोळ्या रुग्णाला न सांगता जेवणात मिसळू नका. हे औषध पोटात असताना दारू प्यायली की शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य साचतं, रक्तदाब कोसळू शकतो, हृदयावर ताण येतो. औषध थांबवल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. ज्याला ठाऊकच नाही, तो स्वतःला कसा जपणार?

हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांचं गणित वेगळं. ते सोडताना हाल होतात, पण जीव सहसा जातो तो नंतर. काही दिवसांतच सहनशक्ती उतरते आणि पूर्वीचाच डोस श्वास थांबवतो. ब्युप्रेनॉर्फिन हे या व्यसनावरचं औषध घरी सुरू करता येतं, मात्र विथड्रॉवलची, म्हणजे पदार्थ थांबल्यावर होणाऱ्या त्रासाची, लक्षणं स्पष्ट दिसू लागल्यावरच. घाई केली तर तीच लक्षणं एकदम उफाळतात. घरात नॅलॉक्सोन, म्हणजे अफूजन्य पदार्थांच्या अतिमात्रेवरचा उतारा, असावं आणि ते कसं द्यायचं हे सोबतच्याला यावं.

मानसिक आजारातही सुरक्षिततेची तयारी कॉलच्या आधीच होते. रुग्ण या क्षणी नेमका कुठे आहे, फोन तुटला तर कुणाला लावायचा, दहा मिनिटांत त्याच्यापर्यंत कोण पोहोचेल, हे आधी विचारून लिहून ठेवायचं. आत्महत्येबद्दल थेट विचारावं. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. जास्तीच्या गोळ्या, कीटकनाशक, शस्त्र घराबाहेर हलवावं. तीव्र ऊर्मी बऱ्याचदा थोडाच वेळ टिकते आणि तेवढ्या वेळात साधन हाताशी नसणं जीव वाचवतं.

अंतरावरून आपुलकी पोहोचते का, अशी शंका घेणाऱ्यांनी जेरोम मोटो या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाचं काम पाहावं. रुग्णालयातून घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारलेल्या ८४३ जणांपैकी एका गटाला त्यांच्या चमूने पाच वर्षं, वर्षातून किमान चार वेळा, छोटी पत्रं पाठवली. पत्रांत कसलीही मागणी नव्हती, फक्त विचारपूस. पहिल्या दोन वर्षांत या गटात आत्महत्यांचं प्रमाण लक्षणीय कमी राहिलं. ठरलेल्या कॉलला रुग्ण आला नाही, तर त्याच दिवशी त्याला आपणहून फोन लावणं हा उपचाराचाच भाग धरायला हवा.