टॅलाहॅची काउंटीतल्या रस्त्याकडेच्या इतिहास-पाट्या

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात टॅलाहॅची नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, पण इथली लोकसंख्या 2020 च्या जनगणनेत साडेबारा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं बऱ्यापैकी मोठं गाव. सपाट काळी जमीन, कापूस, सोयाबीन, मधून वाहणारी टॅलाहॅची नदी, आणि गंमत म्हणजे एवढ्याशा काउंटीला मुख्यालयं दोन, चार्ल्सटन आणि समनर. अमेरिकेत रस्त्याच्या कडेला खांबावर इतिहास सांगणाऱ्या पाट्या लावायची जुनी पद्धत आहे, व्हर्जिनियात 1927 पासून ते सुरू झालं आणि मग बाकीच्या राज्यांनी उचललं, मिसिसिपीत 1949 पासून राज्याचं पुराभिलेख खातं त्या हिरव्या पाट्या लावतं. एरवी असल्या पाट्यांवर कुठल्या जनरलने तळ ठोकला, कुठलं चर्च कधी बांधलं असलं काहीतरी असतं आणि गाड्या न थांबता पुढे जातात. टॅलाहॅचीतल्या पाट्या मात्र जगभर माहीत झाल्या, कारण त्यांच्यावर एका पोराच्या खुनाची हकिगत आहे आणि त्या पाट्यांवर लोकांनी गोळ्या झाडल्या.

पोराचं नाव एमेट टिल. शिकागोचा, वय 14, कृष्णवर्णीय. 1955 च्या ऑगस्टमध्ये सुट्टीत आईच्या मावशीच्या नवऱ्याकडे, मोझेस राइट यांच्याकडे आला होता. 24 ऑगस्टला मनी नावाच्या गावातल्या ब्रायंट यांच्या किराणा दुकानात तो गेला, तिथे दुकानदाराच्या गोऱ्या बायकोशी आगाऊपणा केला असा आरोप झाला, आणि 28 ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर तिचा नवरा रॉय ब्रायंट आणि त्याचा सावत्र भाऊ जे. डब्ल्यू. मायलम यांनी त्याला राइट यांच्या घरातून उचलून नेलं. 31 तारखेला टॅलाहॅची नदीत प्रेत सापडलं. गळ्यात काटेरी तारेने जिनिंगमधला, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या गिरणीतला, लोखंडी पंखा बांधलेला, साधारण 34 किलोचा. आपल्याकडे विदर्भ-खानदेशात ज्यांनी जिनिंग बघितलंय त्यांना तो पंखा म्हणजे काय प्रकार असतो ते वेगळं सांगायला नको. चेहरा ओळखू येण्यासारखा राहिलाच नव्हता, ओळख पटली ती बोटातल्या अंगठीवरून, त्यावर त्याच्या वडिलांची आद्याक्षरं होती. आई मेमी टिल यांनी शिकागोत शवपेटी उघडी ठेवून अंत्यविधी केला, हजारोंनी ते बघितलं, जेट मासिकात फोटो छापून आला, आणि पुढच्या नागरी हक्क चळवळीतल्या कितीतरी लोकांनी तो फोटो आयुष्यभर विसरला नाही असं सांगितलंय.

आता खटला समनरलाच का चालला हे समजलं की पाट्यांचा अर्धा घोळ समजतो. अपहरण झालं ते लेफ्लोर काउंटीत. खून बहुधा सनफ्लॉवर काउंटीत, ड्रू गावाजवळच्या एका शेतावरच्या गोठ्यात. पण प्रेत सापडलं टॅलाहॅचीच्या हद्दीत आणि इथला शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, स्ट्रायडर याने ही आमची केस म्हणून ती ताब्यात घेतली, आणि मग त्याच शेरीफने कोर्टात येऊन बचाव पक्षाच्या बाजूने साक्ष दिली की हे प्रेत टिलचं आहे असं काही सांगता येत नाही! ज्युरी मतदार यादीतून निवडायची, काउंटीत बहुसंख्य लोक काळे पण मतदार म्हणून नोंद गोऱ्यांचीच, त्यामुळे बारा ज्युरर म्हणजे बारा गोरे पुरुष. भर कोर्टात मोझेस राइट उभे राहिले आणि आरोपींकडे बोट दाखवलं, त्या काळात त्या गावात हे करणं म्हणजे जिवावर उदार होणं होतं. विली रीड नावाच्या 18 वर्षांच्या पोराने गोठ्यातून मारहाणीचे आवाज ऐकल्याचं सांगितलं. दोघांनाही नंतर मिसिसिपी सोडावं लागलं. 23 सप्टेंबरला ज्युरी 67 मिनिटांत निर्दोष म्हणून बाहेर आली, आणि मध्ये कोल्ड्रिंक प्यायला थांबलो नसतो तर एवढाही वेळ लागला नसता असं एका ज्युररने म्हटल्याचं छापून आलेलं आहे. खटला कव्हर करायला आलेल्या पत्रकारांनी आणखी एक गोष्ट टिपली होती, गावाच्या वेशीवर तेव्हा पाटी होती की समनर हे मुलगा वाढवायला चांगलं गाव आहे.

1956 च्या जानेवारीत ब्रायंट आणि मायलमने पैसे घेऊन लुक मासिकाला कबुली दिली. एकदा सुटले की त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला नाही, त्यामुळे बिनधास्त. पण या कबुलीने एक वेगळंच नुकसान केलं जे बरीच वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. लुकच्या लेखकाला छापायच्या संमतीच्या सह्या मिळाल्या त्या या दोघांच्याच, बाकीच्या साथीदारांवर खटलाच झाला नव्हता म्हणजे ते अजून अडकू शकत होते, मग त्यांना गोष्टीतून काढूनच टाकलं, आणि ते गेले म्हणून ड्रूजवळचा गोठाही गेला, खून टॅलाहॅची नदीकाठी झाला असं लिहिलं गेलं. पुढे कित्येक दशकं लोक हाच नकाशा खरा धरून चालले. विली रीडने शपथेवर सांगितलेली जागा बाजूला आणि मारेकऱ्यांनी पैसे घेऊन सांगितलेली जागा पुस्तकात, असा सगळा उलटा कारभार.

नंतर काउंटीत पन्नास वर्षं काहीच नाही. एकही पाटी नाही, शाळेत उल्लेख नाही, गोऱ्या घरांत हा विषय काढायचा नाही आणि काळ्या घरांत काढला तर दबक्या आवाजात. 2005 मध्ये 49-ई या हायवेच्या एका भागाला टिलचं नाव दिलं गेलं, त्याचीही पाटी पुढच्याच वर्षी रंग फासून खराब केली. 2006 मध्ये जेरोम लिटल यांच्या पुढाकाराने एमेट टिल स्मृती आयोग तयार झाला, काउंटीच्या कारभारी मंडळाचे ते पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष. आयोगात निम्मे गोरे, निम्मे काळे. 2 ऑक्टोबर 2007 ला समनरच्या कोर्टासमोर टिल कुटुंबीयांच्या उपस्थितीत ठराव वाचला गेला, न्याय झाला नाही हे मान्य केलं आणि खेद व्यक्त केला. कोर्टाबाहेर राज्याची हिरवी पाटीही लागली. त्याच हिरवळीवर गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या कॉन्फेडरेट सैनिकांचं स्मारक आधीपासून उभं आहे, ते तसंच राहिलं, दोन्ही एकाच फोटोत येतात.

यानंतर 2008 मध्ये आयोगाने काउंटीभर आठ पाट्या लावल्या, टटवायलर गावात टिलचं प्रेत अंत्यविधीसाठी तयार केलं ते फ्युनरल होम, ग्लेंडोरा गावातली मायलमच्या घराची जागा, तिथलंच जिनिंग, अशा. यातली ग्लेंडोराच्या जिनिंगची पाटी वादाची आहे. तो पंखा इथूनच नेला असं गावात सांगतात, पण कबुलीत मायलमने वेगळ्याच काउंटीतल्या, बॉयल गावाजवळच्या जिनिंगचं नाव घेतलं होतं. अर्थात मायलमच्या शब्दावर किती विसंबायचं हा प्रश्न आहेच, वर गोठ्याचं काय केलं ते पाहिलंच. शिवाय ग्लेंडोरा अतिशय गरीब गाव, जिनिंगच्या इमारतीतच टिलचं म्युझियम आहे, आणि पाटी असली की चार पर्यटक येतात, अनुदान मिळतं. मला त्यात फसवणूक वगैरे दिसत नाही, पण गरज असेल तिथे आठवण जरा जास्त ठाम होते एवढं लक्षात ठेवून पाटी वाचावी.

सगळ्यात जास्त सोसलं ते ग्रॅबॉल लँडिंगच्या पाटीने. हायवे सोडून शेतांमधून खडीच्या रस्त्याने आत गेलं की नदीकाठी मोकळी जागा लागते, प्रेत इथे बाहेर काढलं असं मानतात (नेमकी जागा हीच का यावर अभ्यासकांचं एकमत नाही). आजूबाजूला वस्ती नाही, रात्री चिटपाखरू नाही, म्हणजे बंदूक घेऊन फिरणाऱ्याला रान मोकळं. पहिली पाटी 2008 च्या ऑक्टोबरमध्येच चोरीला गेली, ती परत कधी मिळालीच नाही. दुसरी लावली, तिच्यावर वर्षानुवर्षं कोणी ना कोणी गोळ्या झाडत राहिलं, 2016 मध्ये तिचा फोटो व्हायरल झाला तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला कळलं. मोजली तेव्हा 317 भोकं निघाली. जांभळ्या पत्र्यावर गंजलेल्या कडांची भोकं, काही एवढी जवळजवळ की मधली अक्षरंच उडालेली. 2018 च्या जूनमध्ये तिसरी लागली, तिला पहिली गोळी लागायला 35 दिवस पुरले. 2019 च्या जुलैमध्ये बातमी आली की मिसिसिपी विद्यापीठाच्या तीन विद्यार्थ्यांनी त्या भोकं पडलेल्या पाटीशेजारी बंदुका घेऊन हसत फोटो काढून इन्स्टाग्रामवर टाकलाय. त्यांच्या फ्रॅटर्निटीने, म्हणजे विद्यार्थ्यांच्या क्लबसारख्या संघटनेने, त्यांना निलंबित केलं.

मग 19 ऑक्टोबर 2019 ला चौथी पाटी आली, बुलेटप्रूफ. सव्वादोनशे किलोच्या आसपास वजन, जाड पोलाद आणि पुढे ॲक्रिलिकचा थर, सोबत कॅमेरे आणि अलार्म. इतिहासाची पाटी बुलेटप्रूफ करावी लागते याहून जास्त त्या पाटीवर काय लिहिणार! दोनच आठवड्यांनी गोरे वर्चस्ववादी झेंडे घेऊन तिथे प्रचाराचा व्हिडिओ काढायला आले, अलार्म वाजला तसे पळाले. 317 भोकांची जुनी पाटी 2021 मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात मांडली, न दुरुस्त करता, जशीच्या तशी. नदीकाठचा प्रसंग सांगायला उभी केलेली वस्तू स्वतःच पुरावा झाली, आणि मला विचाराल तर तिच्यावरच्या मजकुरापेक्षा ती भोकंच जास्त वाचली गेली.

काउंटीत बाकीच्याही पाट्या आहेत हे विसरायला होतं. टटवायलरला ब्लूज संगीताची पाटी आहे, साधारण 1903 साली संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी तिथल्या स्टेशनवर गाडीची वाट बघत असताना एक माणूस गिटारच्या तारांवर सुरी घासून वाजवत होता आणि हँडीला ते संगीत तिथे पहिल्यांदा भेटलं अशी त्यांनी स्वतःच सांगितलेली गोष्ट. गावाजवळच ब्लूज वादक सनी बॉय विल्यमसनची कबर, चाहते तिथे माउथ ऑर्गन ठेवून जातात. या पाट्यांकडे कोणी बंदूक रोखत नाही.

25 जुलै 2023 ला, टिल जगला असता तर ज्या दिवशी 82 वर्षांचा झाला असता त्या दिवशी, अध्यक्ष बायडन यांनी एमेट टिल आणि मेमी टिल-मोब्ली राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं. त्यात तीन जागा, शिकागोचं अंत्यविधी झालेलं चर्च, समनरचं कोर्ट आणि ग्रॅबॉल लँडिंग. म्हणजे ती नदीकाठची मोकळी जागा आता केंद्राच्या उद्यान खात्याकडे आहे. कोर्टाची वरच्या मजल्यावरची खोली दुरुस्त करून 1955 मध्ये होती तशी केलीय, रस्त्यापलीकडे टिल केंद्र आहे, बघायला जायचं तर आधी तिथे चौकशी केलेली बरी.